शॉट पडायच्या आधीचे मार्क

१७ जून २०१०. लॉस एंजेलिसमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. लेकर्सचा कोबी ब्रायंट २४ शॉट घेतो आणि त्यातले ६ पडतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून ६ प्रयत्न करतो, सगळे वाया जातात. लेकर्स ८३-७९ असा सामना जिंकतात आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून करंडक कोबीच्याच हातात पडतो.

आता याला दहापैकी किती मार्क द्यायचे?

बॉस्टन सेल्टिक्सचे शेवटचे दोन-तीन शॉट पडले असते, तर हेच ‘२४ पैकी ६’ दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात आलं असतं. मोठ्या दिवशी कच खाल्ली, हट्टाने शॉट मारत राहिला, सहकाऱ्यांना बॉल दिला नाही, असं सगळं लिहिलं गेलं असतं. कोबीच्या खेळात मात्र तसूभरही फरक पडला नसता. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा नियम क्रीडापानांवर फार काटेकोरपणे पाळला जातो.

सामना संपला की खेळाडूंना मार्क द्यायची खोड जगभर आहे. अमेरिकी वृत्तपत्रं शाळेसारखी ए ते एफ श्रेणी देतात. इटलीत फुटबॉलपटूंना दहापैकी गुण मिळतात आणि ते वाचून लोक कॅफेत भांडतात. जर्मनीच्या ‘किकर’मध्ये १ म्हणजे उत्कृष्ट आणि ६ म्हणजे नापास, म्हणजे सगळा मामला उलटा. इटलीतल्या काही संशोधकांनी तिथल्या वृत्तपत्रांनी दिलेले हे गुण खेळाच्या तपशीलवार आकडेवारीशी ताडून पाहिले. खेळाडूच्या डझनावारी कृतींपैकी मोजक्याच ठळक गोष्टी परीक्षकाच्या नजरेत भरतात आणि संघाचा निकाल गुणांवर आपली सावली पाडतो, असं त्यांना दिसलं.

बास्केटबॉलमध्ये आकडे मुबलक असतात, त्यामुळे इथे तरी न्याय होईल असं वाटतं. सामना संपताच हाती येणाऱ्या तक्त्यात गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला बॉल), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (हिसकावलेला बॉल), ब्लॉक (अडवलेला शॉट), टर्नओव्हर (गमावलेला बॉल), फाउल असं सगळं मांडलेलं असतं. पण कुठलाही तक्ता मोजणाऱ्याच्या आवडीनिवडीनेच तयार होतो. एनबीएने स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४च्या मोसमात. सेल्टिक्सचा बिल रसेल त्याआधीच, १९६९ साली, ११ विजेतेपदं खात्यावर घेऊन निवृत्त झाला होता. बचावाची व्याख्याच बदलून टाकणाऱ्या या माणसाच्या नावावर अधिकृत ब्लॉक किती? एकही नाही. कुणी मोजलेच नव्हते.

या सगळ्या रकान्यांचा एकच आकडा करण्यासाठी अमेरिकी विश्लेषक जॉन हॉलिंजर यांनी ‘गेम स्कोअर’ नावाचं सूत्र मांडलं. गुण जसेच्या तसे धरायचे. पडलेल्या प्रत्येक शॉटसाठी ०.४ वाढवायचे, घेतलेल्या प्रत्येक शॉटसाठी ०.७ वजा करायचे. आक्रमणातल्या रिबाउंडला ०.७, बचावातल्या रिबाउंडला ०.३, स्टीलला १, असिस्ट आणि ब्लॉकला प्रत्येकी ०.७. टर्नओव्हरसाठी १ कापायचा, फाउल आणि हुकलेल्या फ्री थ्रोसाठी ०.४. दहाच्या आसपास आलं तर कामगिरी साधारण, चाळीस म्हणजे अफाट.

हे सूत्र कधीकधी डोळ्यांना न दिसणारं दाखवतं. २२ जानेवारी २००६ रोजी याच कोबीने टोरंटोविरुद्ध ८१ गुण केले. त्याचा गेम स्कोअर निघतो ६३.५. मायकेल जॉर्डनने २८ मार्च १९९० रोजी क्लीव्हलंडविरुद्ध ६९ गुण केले होते, म्हणजे कोबीपेक्षा १२ कमी. तरी जॉर्डनचा गेम स्कोअर ६४.६, कोबीच्या वर! जॉर्डनने कोबीपेक्षा नऊ शॉट कमी घेतले होते आणि वर १८ रिबाउंड व ६ असिस्ट होते. ८१च्या दिपवणाऱ्या आकड्यापुढे हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

पण याच सूत्राला जरा खरवडलं की खालचं पितळ दिसतं. दोन गुणांचा शॉट पडला तर खेळाडूच्या खात्यात २ अधिक ०.४ वजा ०.७, म्हणजे १.७ जमा होतात. हुकला तर ०.७ जातात. म्हणजे शंभरातले तीसच शॉट पाडणाऱ्यालाही सूत्र दंड करत नाही, उलट जितके जास्त शॉट मारशील तितका तुझा आकडा फुगेल, असंच सांगतं. तीन गुणांच्या शॉटसाठी तर २१ टक्के पुरेत. अशा नेमाने कुणी शॉट मारत सुटला तर कोच त्याला पाच मिनिटांत बेंचवर बसवेल. युरोलीगमध्ये वापरला जाणारा निर्देशांक किंचित कडक आहे, तिथे ही रेषा दोन गुणांसाठी ३३ आणि तीन गुणांसाठी २५ टक्क्यांवर येते. तरी रोग तोच: बॉल ज्याच्या हातात जास्त वेळ, त्याचे मार्क जास्त. कोबीच्या ‘२४ पैकी ६’ची मजल अशी की या उदार सूत्रातही त्याच्या मैदानी शॉटचा हिशेब उणे २.४ येतो. फ्री थ्रो आणि १५ रिबाउंड यांनी त्या दिवशी त्याला तारलं.

त्या सामन्यात लेकर्सनी ८३ शॉटपैकी २७च पाडले होते. तेवढ्यावर संघ सहसा हरतोच. ते जिंकले कारण आपलेच हुकलेले शॉट त्यांनी २३ वेळा परत मिळवले, सेल्टिक्सनी फक्त ८ वेळा. एकट्या पाउ गॅसोलने असे ९ रिबाउंड घेतले. हे शक्य का झालं? सेल्टिक्सचा धिप्पाड सेंटर केंड्रिक पर्किन्स आदल्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर बसला होता. सामन्याचा निकाल ठरवणाऱ्या कारणांपैकी एक मोठं कारण कोट घालून बेंचजवळ बसलेलं होतं आणि मार्कांच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

म्हणून आकडेवाल्यांनी वेगळी वाट धरली. कोणी काय केलं हे विचारूच नका, तो कोर्टवर असताना संघाचं काय झालं ते बघा. आइस हॉकीतून आलेली ही ‘प्लस-मायनस’ पद्धत. खेळाडू आत असताना संघाने ५० गुण केले आणि ४२ दिले तर त्याच्या नावापुढे अधिक ८. सरळ आणि लबाडीला वाव नसलेली. अडचण एकच, कोर्टवर आणखी नऊ जण असतात. लेब्रॉन जेम्सबरोबर खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचा आकडाही गोंडस दिसतो.

इथे संख्याशास्त्र खरं कामाला येतं. समजा, वाण्याने वर्षभराची बिलं दिली, पण त्यावर फक्त वस्तूंची नावं आणि एकूण रक्कम आहे. सुटे भाव लिहिलेलेच नाहीत. बिलं पुरेशी असतील आणि दर वेळी सामान वेगवेगळं असेल तर गणिताने प्रत्येक वस्तूचा भाव काढता येतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावरची दहा माणसं बदलेपर्यंतचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक बिल. एनबीएच्या एका मोसमात १,२३० साखळी सामने होतात, त्यांतून अशी हजारो बिलं मिळतात आणि काहीशे खेळाडूंचे भाव एकदम सोडवले जातात. पण चहा आणि साखर कायम एकत्रच घेतली असेल तर? बेरीज नक्की कळते, वाटणी कळत नाही. गणित मग चहाचा भाव हजार रुपये आणि साखरेचा उणे नऊशे, असली उत्तरंही देऊ लागतं. त्यावर उपाय म्हणून ‘रिज रिग्रेशन’ वापरतात. भक्कम पुरावा नसेल तर प्रत्येकाचा भाव सरासरीकडे ओढून धरायचा, एवढंच त्याचं सार. जो सिल यांनी २०१०च्या सुमारास ही पद्धत बास्केटबॉलच्या प्लस-मायनसला लावून दाखवली आणि पुढच्या बऱ्याच निर्देशांकांचा पाया तीच ठरली.

या चष्म्यातून जे खेळाडू उजळले त्यांत शेन बॅटिए हे नाव ठळक. ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळणारा हा माणूस गुण जेमतेम करायचा, रिबाउंड बेताचे, ब्लॉक-स्टील नावापुरते. तरी तो आत असला की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा बिघडायचा. लेखक मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये त्याच्यावर लिहिलेला दीर्घ लेख गाजला. रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी त्याला प्रतिस्पर्ध्याच्या सवयींची टिपणं द्यायचे: कोबी कुठून शॉट मारताना सर्वात कमी घातक असतो, कुठल्या बाजूने ढकलला तर त्याला अवघड शॉट घ्यावा लागतो. बॅटिए त्याला तिकडे रेटायचा, शॉट सुटताना त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. बॉलला स्पर्शही नाही, त्यामुळे तक्त्यात नोंदही नाही.

मात्र ही पद्धत एका सामन्यावर चालवायला गेलात तर हात पोळतील. एका सामन्यात बिलं मूठभर. त्यात नशीब. ते किती, याचा हिशेब कागद-पेन्सिलीने होतो. तीन गुणांचे ३६ टक्के शॉट पाडणारा बरा नेमबाज घ्या आणि त्याला दर सामन्यात ६ शॉट द्या. प्रत्येक शॉट स्वतंत्र मानला तर शंभरपैकी ३० सामन्यांत त्याचा एक पडेल किंवा एकही पडणार नाही. १३ सामन्यांत चार किंवा त्याहून जास्त पडतील. माणूस तोच, मनगट तेच, सराव तोच. पण एक आणि चार यांत ९ गुणांचा फरक आहे आणि तेवढ्यात सामना इकडचा तिकडे होतो. सकाळच्या पेपरात पहिल्या दिवशी त्याला ‘डी’, दुसऱ्या दिवशी ‘ए’. (हात ‘तापतो’ का, म्हणजे सलग काही शॉट पडले की पुढचाही पडण्याची शक्यता वाढते का, हा वाद वेगळाच आहे. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी तो भास ठरवला. मिलर आणि सानहुर्हो यांनी २०१८ मध्ये त्यांच्या मोजणीतच एक सूक्ष्म खोट दाखवली आणि प्रकरण पुन्हा उघडलं.)

मग मार्क द्यायचे तरी कशाला? माझ्या मते शॉटला द्यावेत, पण तो पडायच्या आधी. मोकळ्या खेळाडूने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट घेतला आणि तिथून असे शंभरात ३९ पडत असतील, तर त्या शॉटची किंमत सरासरी १.१७ गुण. दोघांच्या गराड्यात, रेषेच्या एक पाऊल आतून उडी मारून घेतलेला शॉट ३८ टक्के पडत असेल तर किंमत ०.७६. पहिला हुकला आणि दुसरा पडला, तरी चांगला निर्णय पहिलाच.

पूर्वी हे मोजायचं साधन नव्हतं. २०१३-१४च्या मोसमापासून एनबीएच्या सगळ्या स्टेडियममध्ये छताजवळ सहा-सहा कॅमेरे बसले. दहाही खेळाडू आणि बॉल नेमके कुठे आहेत, हे ते सेकंदाला २५ वेळा टिपू लागले. त्याच सुमारास हार्वर्डमधल्या डॅन सर्व्होन, अलेक्झांडर डामूर, ल्यूक बॉर्न आणि कर्क गोल्ड्सबेरी यांनी या नोंदी वापरून दर क्षणाला एकच प्रश्न विचारणारं गणित मांडलं: आत्ता या स्थितीतून हा हल्ला सरासरी किती गुण देईल? बॉल हाताळणारा बचाव भेदून आत घुसला की आकडा चढतो, कोपऱ्यात अडकला की उतरतो. पास दिल्याने आकडा ०.९ वरून १.२ वर गेला तर ती ०.३ची कमाई पास देणाऱ्याची. पुढच्याने शॉट हुकवला तरी ती त्याच्याकडेच राहते. जुन्या तक्त्यात अशा पासला भोपळा मिळायचा, कारण शॉट पडल्याशिवाय असिस्ट धरतच नाहीत.

यातले बॉर्न पुढे सॅक्रामेंटो किंग्जच्या विश्लेषण विभागाचे प्रमुख झाले. या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्यांच्याच किंग्जनी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध एनबीएचा भारतातला पहिला सामना खेळला आणि जादा वेळेत १३२-१३१ असा गमावला. एका गुणाने हरलेल्या संघाच्या खेळाडूंना कमी मार्क द्यायला लेखणी शिवशिवते, ती अशा वेळी.

कॅमेऱ्यालाही न कळणारी गोष्ट म्हणजे कोचने काय सांगितलं होतं. एखादा माणूस मोकळा राहिला तर चूक कुणाची? त्याला सोडून मदतीला धावलेल्याची, की तिथे पोचायचं ठरलं असूनही न पोचलेल्याची? हे फक्त ड्रेसिंग रूमला ठाऊक असतं. १९८०च्या दशकात लेकर्सचे कोच पॅट रायली आपल्या खेळाडूंची स्वतंत्र वही ठेवत. सैल बॉलसाठी झेपावणं, रिबाउंड मिळो न मिळो पण त्यासाठी उडी घेणं, सहकाऱ्याच्या मदतीला जाणं, याचेही त्यात मार्क असत आणि तुलना प्रत्येकाच्या स्वतःच्याच जुन्या कामगिरीशी. अशा पद्धतीने खेळलेले लेकर्स १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन विजेतेपदं घेऊन गेले. आता एनबीएही बॉलला लागलेला हात, सैल बॉलवरचा ताबा, शॉटला दिलेलं आव्हान हे सगळं अधिकृतपणे मोजते.

कॅमेरे आले म्हणून ससा-पारध्याचा नियम मात्र मोडला नाही. २०१५च्या अंतिम मालिकेत लेब्रॉनने सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट काढले. त्याचा संघ हरला. सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकासाठी ११ मतं होती. त्यातली ७ विजेत्या संघाच्या आंद्रे इग्वादालाला गेली, ज्याची सरासरी होती १६.३ गुण. लेब्रॉनला ४. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा करंडक मिळाला तो एकदाच, १९६९ साली जेरी वेस्टला.

नागपाड्याच्या किंवा नागपूरच्या कोर्टवर मुलांचा सामना बघायला जाल, तेव्हा एक वही न्या आणि दोन रकाने आखा. शॉट हातातून सुटताच, बॉल रिंगपर्यंत पोचायच्या आत, पहिल्या रकान्यात ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहा: जागा मोकळी होती का, अधिक मोकळा सहकारी होता का, एवढंच बघून. पडला की हुकला ते दुसऱ्या रकान्यात. पेन्सिल वापरा, पण खोडरबर घरी ठेवा, कारण शॉट पडल्यावर ‘चूक’चं ‘बरोबर’ करायची इच्छा होतेच. आणि स्वतःच्या मुलाची नोंद शेजारच्या पालकांकडे सोपवा.