द्राक्षाच्या पेटीवरचा कोड : शाश्वत निर्यात म्हणजे नेमकं काय?

या भागात : युरोपात पोचलेल्या द्राक्षाची बाग कशी शोधतात, २०१० मध्ये सगळे रिपोर्ट पास असूनही माल का अडकला, मधमाशीसाठी केलेला नियम आपल्या शेतापर्यंत कसा येतो, आणि या सगळ्याचा भात पिकवणाऱ्या गावांशी संबंध काय.

आजचा विषय नुसता ऐकला तरी जांभई येईल असा आहे : शाश्वत आंतरराष्ट्रीय व्यापार. पण पाच मिनिटं थांबा, कारण आपण परिषदा आणि भाषणांबद्दल बोलणारच नाहीये. आपण बोलणार आहोत द्राक्षांबद्दल.

पुण्यात हातगाडीवर द्राक्षं घेताना तुम्ही हे वाक्य ऐकलंच असेल, "घ्या साहेब, एक्सपोर्टचा माल आहे." आपण एक मणी तोंडात टाकतो आणि अर्धा किलो घेतो. पण एक्सपोर्टचा माल म्हणजे काय? नुसता गोड? मोठा मणी? खरं उत्तर असं आहे की तो माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधून आला, हे सिद्ध करता येतं. हातगाडीवरच्या द्राक्षाचं ते करता येत नाही. आजच्या जगात निर्यात टिकणार की नाही, हे बरंचसं याच एका गोष्टीवर ठरतंय.

ग्रेपनेट कसं चालतं

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला यातली सिस्टीम आधी दिसते. 'अपेडा' ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था. तिने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' नावाची ऑनलाइन सिस्टीम सुरू केली. त्यामागे एक धक्का होता. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले होते आणि युरोपात आपल्या मालाबद्दल इशारा निघाला होता.

आता हे चालतं कसं? युरोपला माल पाठवायचा तर शेतकऱ्याने आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा. प्लॉटला एक नंबर मिळतो. आमच्या भाषेत ही 'प्रायमरी की', पुढची प्रत्येक नोंद याच नंबराला चिकटते. कधी काय फवारलं याची वही शेतकरी ठेवतो. कृषी अधिकारी येऊन बाग बघतो. काढणीच्या आधी लॅबचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने चार चांगले घड निवडून पिशवीत नेऊन द्यायचे, असं चालत नाही. रिपोर्ट थेट सिस्टीममध्ये जातो. नापास झाला, की तो प्लॉट युरोपसाठी बंद. पास झाला, तर मान्यताप्राप्त पॅकहाउस, मग ॲगमार्क, मग रोगकीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, आणि मग कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे.

तिकडे रॉटरडॅमला कुणी शंका काढली, तर पॅलेटवरच्या कोडवरून उलटं चालत यायचं : पॅकहाउस, लॅब रिपोर्ट, प्लॉट. या सगळ्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या पुण्यातच आहे, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात. कुठलं औषध चालेल आणि फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, याची यादीही तिथूनच निघते. बागायतदार तिला नुसतं 'ॲनेक्श्चर ५' म्हणतात.

मर्यादा किती बारीक आहे ते ऐका. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा नियम लागतो. वीस टनांचा माल धरा. त्या अख्ख्या मालात मिळून २०० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी असते ना, तिच्या अर्ध्याहून कमी!

२०१० : सगळे रिपोर्ट पास, तरी माल अडकला

आता मुख्य गोष्ट. २०१० च्या हंगामात नोंदणी होती, तपासणी होती, प्रमाणपत्रं होती. तरीही युरोपात आपली द्राक्षं अडकली, कारण तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं. बागायतदार याला सीसीसी म्हणतात. हे कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. वेलीचा नुसता पालाच वाढू नये, घड जास्त धरावेत, म्हणून ते वापरलं जायचं, तेही खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणीच्या कितीतरी महिने आधी. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि सापडलं त्याहून जास्त.

मग आपल्या लॅबला ते दिसलं कसं नाही? कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. लॅबने यादीतलं सगळं तपासलं आणि पास दिलं. टेस्ट केस लिहिलीच नसेल, तर बग सापडणार कुठून? आमच्या धंद्यात सगळे टेस्ट हिरवे दिसतात आणि प्रॉडक्शनला ॲप पडतं, हा अनुभव प्रत्येकाला असतो. इथे पडलं ते कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न. कंटेनर अडकले, खरेदीदारांनी हात वर केले आणि बागायतदारांचे पैसे लटकले.

त्यानंतर सीसीसी यादीत आलं, तपासणी वाढली आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. हाच साचा वापरून डाळिंबासाठी अनारनेट आलं, पुढे आंबा आणि भाज्यांसाठी हॉर्टिनेट. पण २०१० ने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. समोरच्याने काय विचारायचं ठरवलंय, हे आपल्याला आधी कळलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, यादीत नसलेलं औषधही शेतकऱ्याच्या वहीत लिहिलेलं पाहिजे. लॅब यादीपुरतं बघते. वहीत खरं असेल तेवढं सगळं असतं.

नियम आता मधमाशीसाठी

इथपर्यंत नियम खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी होते. आता ते बदलतायत. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये क्लोथियानिडिन आणि थायमेथॉक्झाम या दोन कीटकनाशकांच्या मर्यादा अगदी खाली आणायचं ठरवलं, अंमल मार्च २०२६ पासून. कारण काय दिलं? मधमाश्या आणि इतर परागीभवन करणारे कीटक जगभर कमी होतायत. म्हणजे खाणाऱ्याला धोका आहे म्हणून नाही, तर जिथे पिकतं तिथल्या मधमाशीला धोका आहे म्हणून.

असंच इतर मालाचं. कॉफी, कोको, रबर, लाकूड युरोपला विकायचं तर ते २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं नाही, हे प्लॉटच्या जागेच्या नोंदीसकट दाखवा, असा कायदा २०२३ मध्ये झालाय. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेलीय. स्टील आणि सिमेंटवर कार्बनचा हिशोब २०२६ पासून लागलाय. सगळीकडे मागणी एकच : माल दाखवू नका, मालाचा इतिहास दाखवा.

यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींत दम आहे. एक बाजू म्हणते, हा श्रीमंत देशांचा नवा दरवाजा आहे : आयात शुल्क उघड लावता येत नाही, म्हणून नियम लावायचे. दुसरी बाजू म्हणते, औषध फवारताना आधी श्वासात जातं ते आपल्याच माणसाच्या, पाणी नासतं ते आपल्याच विहिरीचं. नियम कुणीही लावो, फायदा आपलाही आहे. मला दुसरी बाजू पटते, पण एक हिशोब मांडल्याशिवाय नाही. नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्र, वेगळी औषधं, हा खर्च कोण करतो? बहुतेक वेळा शेतकरी. वर काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या फक्त एक तृतीयांश अंश चालवून घेतात. अट त्यांची, जोखीम इकडची. खर्चाचा वाटा जो खरेदीदार उचलत नाही, त्याचा व्यापार शाश्वत म्हणायचा कसा?

बरं, शब्द आपणही पाळत नाही. जुलै २०२३ मध्ये आपल्याच सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची बंद केली. देशातले भाव आवरायचं कारण समजू शकतो. पण वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत दुसरीकडे जातं, आणि ते परत आणायचं काम शेतकऱ्याच्या वाट्याला येतं.

मार्गासनीला याचं काय?

मी ज्या भागातला आहे तिथे द्राक्षं नाहीत. राजगडाला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना मार्गासनी फाटा माहीत असेल, इथून साखरमार्गे गुंजवण्याला जातात. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि शेजारचा भोर, हा सगळा पावसाचा आणि भाताचा पट्टा. इंद्रायणी, थोडा आंबेमोहर. खाचरं लहान, हिशोब गुंठ्यांत.

भातावर करपा येतो, आणि करप्यावर ट्रायसायक्लाझोल हे नेहमीचं औषध. युरोपने तांदळातली त्याची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, म्हणजे एकदम शंभर पट खाली. २०१८ पासून ती लागू झाली आणि फटका बसला उत्तरेतल्या बासमतीला. युरोपातला आपला वाटा घसरला, पाकिस्तानचा वाढला. पंजाब सरकार आता हंगामात बासमतीसाठी काही कीटकनाशकांची विक्री ठरावीक दिवस बंद ठेवतं.

उद्या कुणी म्हणालं, लंडनच्या मराठी घरांत आंबेमोहर पाठवूया, तर पहिला प्रश्न वासाचा येणार नाही. करप्यावर काय मारलं होतं, हा येईल. दहा गुंठेवाल्या एकट्या शेतकऱ्याला याचं उत्तर सिद्ध करणं परवडत नाही, तपासणीचा खर्च भातापेक्षा जास्त व्हायचा. इथे पुन्हा द्राक्षवाल्यांकडे बघावं लागतं. १९९१ मध्ये सहकारी संस्था एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी राहिली. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. ग्लोबलगॅपसारखं प्रमाणपत्रही गटाला मिळू शकतं. गट केला की खर्च वाटला जातो, पण जबाबदारीही वाटली जाते : एकाने चुकीचं औषध मारलं तर सगळ्यांचा माल अडकतो. म्हणून गटात कागदापेक्षा एकमेकांवरचा भरवसा आधी लागतो.

मग आपण काय करायचं?

घरी शेती असेल तर यंदापासून फवारणीची नोंद फोनवर ठेवा. तारीख, औषधाचं नाव, किती मारलं आणि बाटलीच्या लेबलचा फोटो. ॲप नाही मिळालं तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. निर्यात करायची नसली तरी ठेवा, मागच्या वर्षी काय लागू पडलं हे तरी कळेल.

माझ्यासारखे कोड लिहिणारे असाल, तर मराठीत बोलून नोंद होणारं आणि नेटवर्क नसताना चालणारं साधं काहीतरी बनवा. डोंगरातल्या खाचरात पावसाळ्यात रेंज नसते, आणि हात चिखलाचे असतात.

आणि फक्त खाणारे असाल, तर विचारा. जर्मनीतल्या माणसाला पेटीवरच्या कोडवरून बाग सापडते, आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाला गाडीवाला नुसतं "एक्सपोर्टचा माल" म्हणतो. हीच तपासणी आपल्या बाजारासाठी का नको? पुढच्या वेळी हातगाडीवर हे वाक्य ऐकलं, की विचारून बघा, "दादा, प्लॉट नंबर काय?" तो हसेल बहुतेक. पण दहा जणांनी विचारलं, की अकराव्याला उत्तर द्यावं लागेल.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरी निर्यातीचं पीक असेल, तर तुमच्या फवारणीच्या वहीत काय काय लिहिता ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, ऐकत राहा!