चौकट उघडतां आली पाहिजे

गेल्या शिमग्यास आमचा नातू सातपुड्यांतील काठी (तालुका अक्कलकुवा) येथील राजवाडी होळी पाहून आला. तेथील उंच बांबू व मोरपिसांचे टोप घालून नाचणारे लोक यांचें चित्र त्यानें जलरंगांत काढलें. "आजोबा, ह्याला चौकट हवी," असें तो म्हणाला. घरांत एकच जुनी सागवानी चौकट होती. तींत माझ्या मातोश्रींची, रविवर्म्याच्या छापखान्यांतील लक्ष्मी होती. दोन्ही चित्रें आळीपाळीनें लावावीं, असें ठरलें.

राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिलाछापखाना काढला व पुढें तो मळवलीस नेला. तेथील देवादिकांच्या तसबिरी घरोघर गेल्या; वाचकांपैकीं पुष्कळांकडे एखादी असेलच. आमच्या तसबिरीची मागील फळी खिळ्यांनीं ठोकलेली, चित्र पुठ्ठ्यास सर्वांगीं चिकटविलेलें, आणि कांच थेट रंगावर टेकलेली होती. अनेक पावसाळ्यांच्या दमटपणानें चित्रावरील रोगण कांचेस धरून बसलें होतें. खिळे उपसतांना सागाची कड फुटली, आणि लक्ष्मीचें मुख कांचेवरच राहिलें. मातोश्रींची ती आठवण मीं माझ्याच हातांनीं घालविली.

नैयायिक समवाय व संयोग असे दोन संबंध सांगतात. तंतु व वस्त्र यांचा समवाय; तंतु वेगळे करूं गेल्यास वस्त्रच नाहींसें होतें. हात व पुस्तक यांचा संयोग. तो सुटला तरी दोन्ही शाबूत राहतात. चित्र व चौकट यांचा संबंध संयोगाचाच असावा.

म्हणून फुटलेली कड सुताराकडून जोडून घेऊन आम्हीं नातवाचें चित्र पुढीलप्रमाणें बसविलें. चित्राच्या पाठीस, वरच्या कडेला दोनच ठिकाणीं, पातळ पण चिवट कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनें लावल्या; ही खळ किंचित् ओलाव्यानें सुटते. बाकीच्या कडा मोकळ्या ठेवल्या, कारण कागद दमट हवेंत फुगतो व कोरड्या हवेंत आक्रसतो. चहूंकडून जखडल्यास त्यास सुरकुत्या पडतात. चित्र व कांच यांमध्यें जाड पुठ्ठ्याची खिडकी घातली, म्हणजे रंग कांचेस लागत नाहीं. पुठ्ठा आम्लरहित पाहून घ्यावा. साध्या पुठ्ठ्यानें चित्राचा कागद कालांतरानें तपकिरी पडतो. मागील फळी खिळ्यांऐवजीं स्क्रूवर फिरणाऱ्या पितळी पट्ट्यांनीं अडविली. धूळ शिरूं नये म्हणून सांध्यावर कागदी पट्टी डकविली. ती चाकूनें चिरली कीं चौकट उघडते. दुसरें चित्र लहान असल्यास खिडकी तेवढी बदलावी. चौकट तीच राहते.

दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास चौकट उघडून कसर वा बुरशी लागली काय, तें पाहण्याचा आतां घरांत नेम केला आहे. लक्ष्मीचा उरलेला भाग कागदांत जपून ठेवला आहे. पुढें नातू नवें चित्र आणील, तेव्हां हें मात्र सुखरूप बाहेर येईल.