संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा!

फ्लॅट घेताना आपण काय काय बघतो? पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती मिनिटांवर, मेंटेनन्स किती... नोकरी बदलताना तर सीटीसीची पार चिरफाड करतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी 'मेमरी केअर' शोधायची वेळ आली, की ब्रोशरवरचं हिरवंगार लॉन बघूनच आपण गार होतो!

गेले चार महिने मी हीच शोधाशोध करतेय. मुलुंडला आमच्याकडे राहणाऱ्या आजीला अल्झायमर्सचं निदान होऊन तीन वर्षं झाली. दिवसा ठीक असते. संध्याकाळ झाली की "मला घरी सोड" सुरू होतं. तिचं घर म्हणजे गिरगावातली चाळ, जी आता पडलीये. दोनदा ती जिना उतरून गेटपर्यंत पोचली. ब्युरोच्या मावशी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. आणि बाबा स्वतःच आता साठीपुढचे! 'बाहेर ठेवूया का?' हा प्रश्न घरात पहिल्यांदा निघाला, तेव्हा आत्याने बाबांशी बोलणंच बंद केलं. वृद्धाश्रम हा शब्द आपल्याकडे अजून शिवीसारखाच वापरतात ना...

आपण एकटे नाही, बरं का. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ७.४ टक्के. थोडक्यात, प्रत्येक सोसायटीत एक तरी घर! (आणि हो, विसरभोळेपणा दिसला की आधी डॉक्टरांकडून बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यातला काही विसर औषधाने सुधारतो.)

पेशंट उपनगरात, सोय कर्जतला

अंधेरी-बोरिवलीत जागेचे भाव बघता मोकळं अंगण असलेलं सेंटर परवडणार कुणाला? म्हणून शोध सुरू होतो ठाण्यापलीकडे. १९९५ पासून मुंबईत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या डिग्निटी फाउंडेशननेही आपली वसाहत उभारली ती नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी. मुलुंडकरांना कर्जत लोकल तरी आहे. बोरिवलीच्या माझ्या काकांना आधी दादर गाठून गाडी बदलावी लागते. मग पहिल्या महिन्यात दर रविवारी जाणारं कुटुंब सहाव्या महिन्यात किती वेळा जाईल? हा हिशेब रेट कार्डात नसतो, पण सगळ्यात महाग तोच पडतो. ज्या पेशंटला भेटायला माणसं येत राहतात, त्याच्याकडे स्टाफचंही लक्ष राहतं.

सहाचा फंडा

डिमेन्शियाच्या बऱ्याच पेशंट्सची दिवस कलल्यावर घालमेल वाढते. डॉक्टर त्याला 'सनडाउनिंग' म्हणतात. आणि सेंटरवाले आपल्याला टूर कधी देतात? सकाळी अकराला! सगळे आंघोळ करून फ्रेश, फिजिओथेरपिस्ट हजर, चहा-बिस्किटं तयार.

म्हणून मी प्रत्येक ठिकाण दोनदा पाहिलं. एकदा अपॉइंटमेंट घेऊन, एकदा न सांगता, संध्याकाळी सहाला. एका ठिकाणी लॉबीत कारंजं, भिंतीवर महागडी पेंटिंग्ज. सहा वाजता मात्र दहा-बारा आजी-आजोबा टीव्हीसमोर ओळीने बसवलेले आणि त्यांच्यासाठी एकच मुलगी. एक आजोबा सारखे दाराकडे जात होते, ती त्यांना सारखी खुर्चीत आणून बसवत होती. तिचा तरी काय दोष?

दुसरं ठिकाण म्हणजे जुना बंगला. लॉबी नाही, एसी नाही. पडवीत एक मावशी दोन आजींना घेऊन मेथी निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "या आजी पूर्वी काय करायच्या हो?" मावशी फाइल न बघता म्हणाल्या, "या होय? शाळेत बाई होत्या. म्हणून तर मला रोज गृहपाठ विचारतात!"

मला तिथेच उत्तर मिळालं. मॅनेजर काय सांगतो, ते विसरा. हात धरून बाथरूमला नेणाऱ्या माणसाला तुमच्या माणसाची ओळख आहे का, एवढं बघा.

परदेशातही विचार याच दिशेने चाललाय. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ २००९ मध्ये 'होगेवेक' नावाचं अख्खं गावच डिमेन्शियाच्या पेशंट्ससाठी उभं राहिलं. सहा-सात जणांचं एकेक घर, गावात सुपरमार्केट, कॅफे. माणसांनी मोकळं फिरायचं, फक्त गावाबाहेर जाता येत नाही. आपल्याकडे एवढं नको. पण 'दाराला कुलूप' आणि 'फिरायला सुरक्षित अंगण' यातला फरक तरी विचारूया की!

हे विचाराच

• रात्री किती पेशंट्समागे किती माणसं जागी असतात? पाळी कधी बदलते?

• पेशंट चिडला, मारायला धावला तर काय करता? पहिलं उत्तर 'गोळी देतो' किंवा 'बांधून ठेवतो' असेल, तर थँक्यू म्हणून निघा.

• उद्या चालणं बंद झालं, भरवायची वेळ आली, तरी ठेवाल का? की 'घेऊन जा' म्हणाल?

• महिन्याच्या पैशांत डायपर, औषधं, डॉक्टर धरलेत का? डिपॉझिट परत कधी? सगळं लेखी.

• मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, २०१७ खाली नोंदणी आहे का?

• जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर? रात्री गाडी कोण चालवतं?

• दरवाजातून व्हीलचेअर जाते का? महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. त्यात ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, रॅम्प, न घसरणारी फरशी असं बरंच काही आहे. पण तो भर इमारतीवर. माणसांची मोजणी आपल्यालाच करावी लागते.

आधी कागद

बोअर वाटेल, पण महत्त्वाचं! आपल्याकडे सही करणाऱ्याची समज गेली, की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्रही कायद्याने संपतं. मग आजीची एफडी मोडायची तर कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. म्हणून निदान झाल्या झाल्या, समज शाबूत असतानाच जॉइंट अकाउंट, नॉमिनेशन, मृत्युपत्र उरकून घ्या. आणि कुठे राहायला आवडेल, हेही तिलाच विचारा. एकटं वाटलं तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करतेय, तिची मुंबईतही शाखा आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन तर फुकट आहे.

मग ठरलं काय?

त्या मेथीवाल्या बंगल्यात आधी पंधरा दिवसांचा ट्रायल स्टे. आजी तिकडे खुलली तर पुढे, नाही तर परत मुलुंड. सोबत तिची गोधडी, चाळीतला जुना फोटो आणि एक पानभर माहिती: चहात आलं हवं, वेलची नको, हाक 'माई' अशी मारा. घरातल्या प्रत्येकाने एकेक रविवार वाटून घ्यायचा, सबबी नाहीत.

आत्या बाबांशी अजून बोलत नाही. पण परवा तिचा मला मेसेज आला, "पहिला रविवार माझा."