संकेतस्थळ बंद पडले तर काय करायचे?



"मंडळाची साइट उघडत नाही," असा निरोप अधूनमधून येतो, आणि नेमका गणेशोत्सवाच्या तोंडावर येतो. संकेतस्थळाचे काम पाहणारे आम्ही बहुतेक निवृत्त लोक. संगणकतज्ज्ञ कोणी नाही. पण बँकेत लाइन गेली की काउंटरपुढची रांग कशी सांभाळायची, हे आमच्यातल्या काहींनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तीच शिस्त इथे कामी येते.

आधी संकेतस्थळ कशाचे बनते ते पाहू. पहिले, नाव म्हणजे डोमेन. ते कायमचे विकत मिळत नाही. मुदतीसाठी नोंदवून वेळेवर नूतनीकरण करावे लागते. दुसरे, होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. आपली पाने आणि छायाचित्रे तिथल्या संगणकावर असतात. तिसरे, डीएनएस. हे टेलिफोन डिरेक्टरीसारखे: नाव टाकले की कोणत्या संगणकाकडे जायचे ते सांगते. चौथे, पाने तयार करण्याचे साधन, उदाहरणार्थ वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले प्लगइन. चारांपैकी एक जरी अडले तरी सभासदाला दिसते ते एकच: पान उघडत नाही.

म्हणून क्रमाने तपासावे. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडते का? दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे उघडते का? त्यांच्याकडे उघडत असेल तर दोष बहुधा आपल्या लाइनचा. सगळीकडे बंद असेल तर डोमेनची मुदत आणि होस्टिंग कंपनीचे 'स्टेटस' पान पाहावे. कंपनीनेच बिघाड मान्य केला असेल तर वाट पाहावी. घाईने प्लगइन काढणे, सगळे नव्याने बसवणे टाळावे. नाहीतर कंपनीचा बिघाड दुरुस्त होतो आणि आपण केलेला मागे उरतो. "साइट सुरू करून देतो, ओटीपी सांगा," असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. 4 ऑक्टोबर 2021 रोजी, नवरात्र तीन दिवसांवर असताना, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडले, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळे तुटले आणि पाठोपाठ तिचे डीएनएसही इंटरनेटवरून दिसेनासे झाले. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने तीही चालेनात. यातून पहिला धडा: निरोपाचा एकच मार्ग ठेवू नये. संकेतस्थळ बंद असेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप, तेही बंद असेल तर एसएमएस आणि साधा फोन. त्यासाठी सभासदांच्या क्रमांकांची छापील यादी हवी.

त्याच वर्षी 10 मार्चला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची राखीव प्रत त्याच आवारात होती, अशा काही ग्राहकांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही गेली. दुसरा धडा: प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. जाणकार सांगतात, एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून चालू सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. राखीव प्रतीच्या अनेक सोयी होत्या. गरज पडली तेव्हा त्या उपयोगी नाहीत असे आढळले. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवले. तिसरा धडा: प्रत घेतली एवढे पुरेसे नाही, ती उघडते का ते पाहावे. कॅश मोजून पुस्तकाशी जुळल्याशिवाय आम्ही शाखा सोडत नव्हतो, तसेच हे.

वर्डप्रेसबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'ने मिळणाऱ्या फाइलीत लेखांचा मजकूर येतो; छायाचित्रांचा फक्त पत्ता येतो, छायाचित्रे येत नाहीत. म्हणून फायली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत घ्यावी. अपडेट करण्याआधी प्रत घ्यावी, आणि उत्सवाच्या आठवड्यात तातडीच्या सुरक्षा दुरुस्तीखेरीज कोणतेही अपडेट करू नये.

डोमेनचे खाते मंडळाच्या ई-मेलवर असावे. एखाद्या हौशी तरुणाने ते स्वतःच्या ई-मेलवर काढले आणि तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, तर नूतनीकरणाची सूचना मंडळापर्यंत पोहोचत नाही. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या जशा दोघांकडे असतात, तसा या खात्याचा ताबा दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि कार्यकारिणी बदलली की लेखी सोपवावा.

एवढी काळजी कशासाठी? कार्यक्रमपत्रिका पुन्हा तयार करता येते. पण होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेल्या घरांची माहिती, जुन्या स्मरणिकांची स्कॅन केलेली पाने, आज हयात नसलेल्या नाट्यवेड्या मंडळींची छायाचित्रे दुसरीकडे कुठे मिळणार? पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात ती नाहीत. काही कागदांचे मूळही आता उरलेले नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांनी छायाचित्रे किंवा स्मरणिका संकेतस्थळासाठी दिल्या, त्यांनी मूळ प्रती टाकून देऊ नयेत. गणपतीपूर्वी आम्ही संपूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणार आहोत. या कामात दोन-तीन तरुण हात मिळाले तर हवेच आहेत. संगणक त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळतो. ताळा कसा जुळवायचा ते आम्ही शिकवू.