गर्भाशयमुखाच्या तपासणीचा कागद

घरांतील कोणी सून अथवा सासू दवाखान्यांत जाऊन गर्भाशयमुखाची पॅप तपासणी करवून येते, आठवड्याभरानें एक इंग्रजी कागद हातीं पडतो, आणि त्यावरील 'ॲबनॉर्मल' हा एकच शब्द डोळ्यांत भरून सारें घर चिंतेंत पडतें. कोणी म्हणतें, कॅन्सरच तो. कोणी सल्ला देतें, कीं पिशवीच काढून टाकावी, म्हणजे मागें घोर नको. आणि कांहीं घरांत तो कागद कपाटांतील लुगड्यांच्या घडीखालीं जातो, तो पुन्हा उजेडांत येत नाहीं. तिन्ही मार्ग चुकीचे आहेत, पण तिसऱ्याइतका घातक दुसरा नाहीं. म्हणून या कागदाचा अर्थ घरांतील सर्वांनीं, पुरुषमंडळींसुद्धां, नीट समजून घ्यावा हें बरें.

'पॅप' हें जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक शास्त्रज्ञाच्या नांवाचें संक्षिप्त रूप होय. ते १९१३ सालीं न्यूयॉर्कला गेले, आणि पुढें तेथील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांत, आरंभीं गिनीपिगांच्या व मग स्त्रियांच्या, योनिमार्गांतील पेशी काचेवर पसरून पाहूं लागले. अशा पेशींवरून कर्करोग ओळखतां येतो हें त्यांनीं १९२८ सालीं सांगितलें. परंतु वैद्यकवर्गाला तें पटावयास त्यांचा व हर्बर्ट ट्राऊट यांचा १९४३ सालचा ग्रंथ यावा लागला. त्यांची पत्नी मेरी त्यांच्याच प्रयोगशाळेंत काम करी, आणि कित्येक वर्षें तिनें स्वतःच्या पेशींचे नमुने त्यांना अभ्यासासाठीं दिले. ग्रंथकर्त्यांत तिचें नांव नाहीं. म्हणून येथें तें मुद्दाम लिहिलें.

तपासणींत गर्भाशयमुखावरील पेशी लहानशा ब्रशनें पुसून घेतात. सुई नाहीं, भूल नाहीं, दोनचार मिनिटांचें काम. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. आणि चाळणींत जें अडकतें तें सारें खडेच असतात असें नाहीं. आपल्या इकडील कागदांवर पुष्कळदां 'इन्फ्लमेटरी' असा शेरा असतो. तो केवळ दाह दर्शवितो, विकृत पेशींत त्याची गणना होत नाहीं. 'ए.एस्.सी.–यू.एस्.' म्हणजे पेशी किंचित् बदललेल्या दिसतात, पण कशामुळें तें सांगतां येत नाहीं. विकृत ठरलेल्या कागदांवर हाच शेरा सर्वांत अधिक आढळतो, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत नुसत्या वयोमानानेंही तो येऊं शकतो. अशा वेळीं विषाणूची चाचणी करतात किंवा वर्षानें पुन्हा नमुना घेतात. 'एल्.एस्.आय्.एल्.' हा सौम्य बदल. तोही बहुधा आपोआप मावळतो. 'एच्.एस्.आय्.एल्.' मात्र गंभीर समजावा. तोही कर्करोग नव्हे, परंतु तेथें महिने दवडूं नयेत. 'ए.एस्.सी.–एच्.' व 'ए.जी.सी.' यांनाही हेंच लागू.

या बदलांच्या मुळाशीं बहुतेक वेळां एक विषाणु असतो. त्याचें नांव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात् एच्.पी.व्ही. ('पॅप' आणि 'पॅपिलोमा' यांतील सारखेपणा निव्वळ योगायोगाचा आहे, त्यावरून पुष्कळांचा घोटाळा होतो.) हातापायांवर चामखीळ उठविणारे विषाणु याच कुळांतले. कुळांत २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांतील सुमारे १४ कर्करोगाला कारण होणारे, आणि त्यांतही १६ व १८ या क्रमांकांचे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशीं असतात. हे दोन हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानें १९८३ व १९८४ सालीं शोधून काढले, आणि २००८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांचें शरीर एकदोन वर्षांत त्याला हांकून लावतें. जो ठाण मांडून बसतो तो पेशी बिघडवूं लागतो. तरीही त्यांतून कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षें लागतात. हाच काळ आपल्या हातांतला.

आतां एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो, हें कळतांच घरांत कुजबूज सुरू होते. कोणी सुनेकडे पाहतें, कोणी मुलाकडे. ही कुजबूज निराधार आहे. हा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे कीं स्त्रीपुरुषांपैकीं बहुतेकांना तो आयुष्यांत केव्हांतरी होतोच, आणि लक्षण मुळींच न दाखवितां तो वर्षानुवर्षें दडून राहतो. जन्मभर एकाच पुरुषाशीं संसार केलेल्या स्त्रीलाही तो असूं शकतो. पन्नाशी उलटल्यावर, वैधव्यांतसुद्धां, तो प्रथम आढळूं शकतो. तो कधीं आला व कोणाकडून आला हें कोणतीही तपासणी सांगूं शकत नाहीं. चारित्र्याचा दाखला म्हणून हा कागद वाचणारा मनुष्य तो वाचीतच नाहीं. आणि या संशयाच्या भयानेंच कित्येक कागद कपाटांत जातात.

कपाटांतल्या कागदाचें फळ काय, हें ऑकलंडच्या अनुभवानें कळलें. न्यूझीलंडमधील त्या शहराच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्यें १९६६ पासून एका वरिष्ठ डॉक्टरानें, अशा तीव्र बदलांतून कर्करोग होत नाहीं या समजुतीनें, कांहीं स्त्रियांना पुरेसे उपचार न देतां केवळ देखरेखीखालीं ठेवलें. त्या स्त्रियांना याची नीटशी कल्पनाही नव्हती. १९८७ सालीं दोन लेखिकांनीं एका मासिकांत हें उघडकीस आणलें, चौकशी बसली, आणि न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांची पुढील हकीकत २००८ सालीं छापली गेली. पुरेसे उपचार न मिळालेल्यांपैकीं ३० वर्षांत शेंकडा ३१ जणींना कर्करोग झाला. योग्य उपचार झालेल्यांत हें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी होतें. अर्थात् तीव्र बदल आढळला तरी तो कर्करोगच ठरतो असें नाहीं. पण त्याकडे पाठ फिरविणें म्हणजे जिवाशीं जुगार.

आणि योग्य उपचार म्हणजे तरी काय? प्रथम कॉल्पोस्कोप नांवाच्या भिंगाच्या यंत्रांतून गर्भाशयमुख पाहतात. त्यावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतलें आम्ल, लावलें कीं बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. तेथला लहानसा तुकडा तपासतात. खरोखरच तीव्र बदल असेल तर तेवढाच भाग तारेच्या कड्यानें काढतात, किंवा उष्णतेनें अथवा थंडीनें नष्ट करतात. या पायरीवर पिशवी काढण्याची गरज क्वचितच पडते. तसा सल्ला मिळाल्यास आणखी एका डॉक्टराचें मत अवश्य घ्यावें.

आपल्या जवळचाही एक दाखला आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदांच विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ जणींच्या गटांत आठ वर्षांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटांत ६४. एकदांच पॅप तपासणी झालेल्या गटांत मात्र मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाहीं. पॅप एकदां करून भागत नाहीं. ती दर तीन वर्षांनीं करावी लागते, आणि विषाणूची चाचणी तिशीनंतर पांच वर्षांनीं केली तरी चालते. पाळी गेली, आतां काय करायचें, असें म्हणणाऱ्या सासूबाईंनाही ६५ वर्षांपर्यंत यांतून सूट नाहीं.

मुलींसाठीं आतां लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ सालीं आली. ९ ते १४ वर्षांच्या वयांत ती दिल्यास सर्वांत उपयोगी, कारण पूर्वींच झालेला संसर्ग ती घालवीत नाहीं. म्हणून मुलीला लस टोचून आणली तरी आईची स्वतःची तपासणी राहतेच, आणि मुलीचीही तिशीनंतरची तपासणी चुकत नाहीं.