जुन्या मोटारीतील इशाऱ्याचे दिवे

किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, डॅशबोर्डावरील इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात. ही त्या दिव्यांचीच परीक्षा होय. एखादा दिवा लागलाच नाही तर समाधान मानू नये. जुनी मोटार विकताना दोष झाकण्यासाठी तो काढलेलाही असू शकतो.

चालत्या मोटारीत ऑइलचा तांबडा दिवा लागल्यास कारणमीमांसा नंतर. इंजिन तत्काळ बंद करावे. ऑइलचा दाब नाहीसा झाल्यास बेअरिंगे पाहता पाहता निकामी होतात.

इंजिनाच्या पिवळ्या दिव्याचे तसे नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत सोळा पिनांच्या सॉकेटला उपकरण जोडून दोषाचा संकेतांक वाचता येतो. भारतात ही व्यवस्था २०१३ पासून आवश्यक ठरली. मात्र संकेतांक लक्षण सांगतो, रोग नव्हे. ‘पी ०१७१’ याचा अर्थ मिश्रणात हवा अधिक, पेट्रोल कमी. तो वाचून पुष्कळदा महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. बिचारा सेन्सर खरेच सांगत असतो! दोष असतो कोठेतरी चिरलेल्या रबरी नळीत.

अनेक दिवे एकदम लागल्यास प्रथम बॅटरी पाहावी. बंद मोटारीत सुमारे १२.६ आणि इंजिन चालू असता साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब मिळावा. तो ठीक असूनही दिवे विझत नसतील तर अर्थच्या वायरीकडे वळावे. समुद्रकाठच्या दमट हवेत तिचा जोड गंजतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास तो जोड सोडवून, घासून पुन्हा घट्ट बसवावा. त्यास पॉलिश कागदाचा एक तुकडा पुरतो.