दिवाणखान्यातील तसबीर

नॉर्थ कॅरोलिनाची राजधानी रॅले, आणि तिच्या पश्चिमेला लागून असलेले आमचे कॅरी. लोकसंख्या कितीही वाढली तरी कागदोपत्री ते आजही 'टाउन'च आहे. रेल्वेमार्गालगतच्या या वस्तीला १८७१ साली नगराचा दर्जा मिळाला आणि १९६० पर्यंत तिथे साडेतीन हजार माणसेही नव्हती. आदल्याच वर्षी जवळ रिसर्च ट्रँगल पार्कची स्थापना झाली होती. पुढे प्रयोगशाळा व संगणक कंपन्या आल्या, पाइनची राने तुटली आणि घरांच्या रांगा पश्चिमेकडे सरकत गेल्या. २००० साली ९४,५३६ असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १,७४,७२१ झाली. या वाढीत भारतीयांचा वाटा डोळ्यांत भरणारा आहे. शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये मंदिर आहे, क्रिकेटचे मैदान आहे (२०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले), आणि किराणा दुकानात मेथीची जुडी व ज्वारीचे पीठही मिळते. या साऱ्याबरोबर जातही आली, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी २०१३ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी या भागात आलो. पहिली सामूहिक वंदना एका मित्राच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात झाली. आम्ही नऊ जण होतो. यजमानांनी कपाटातून बाबासाहेबांची तसबीर काढली, तथागतांच्या मूर्तीशेजारी ठेवली, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झाले, खीर झाली, आणि निघण्यापूर्वी तसबीर पुन्हा कपाटात गेली. असे का, हे कोणीही विचारले नाही, कारण प्रत्येकाच्या घरी तेच होते. माझी तसबीर शयनगृहात होती.

त्यामागे केवळ भित्रेपणा नव्हता. उपनगरातील जीवनाची रचनाच अशी आहे की कार्यालय आणि अंगण वेगळे राहत नाही. ज्याच्या शब्दावर आपली पदोन्नती आणि ग्रीन कार्डाचा अर्ज अवलंबून, तोच माणूस संध्याकाळी वसाहतीच्या तरणतलावावर भेटतो. त्याची पत्नी आपल्या पत्नीला हळदीकुंकवाला बोलावते आणि मुले एकाच बसने शाळेत जातात. आडनावावरून पत्ता लागला नाही की गाव विचारले जाते, गावावरून लागला नाही की कुलदैवत. एकदा सकाळी, चौघे एका गाडीतून कामावर जात असताना, मीही 'तुळजाभवानी' असे उत्तर देऊन मोकळा झालो. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा नदीत सोडला होता. त्यांच्या नातवाने तो नॉर्थ कॅरोलिनाच्या महामार्गावर चार शब्दांत परत मांडला. हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

पुढे घरे वाढली. चौदा एप्रिलला दिवाणखाना पुरेना, म्हणून नगराच्या सामुदायिक केंद्रातील सभागृह भाड्याने घेऊ लागलो. आरक्षणाच्या अर्जात कार्यक्रमाचे नाव लिहावे लागते. आम्ही दरवर्षी 'कौटुंबिक स्नेहसंमेलन' असे लिहीत असू.

दरम्यान मुले मोठी झाली. आमच्या मुलांना पाली वंदना आमच्यापेक्षा शुद्ध म्हणता येते, पण ती रोमन अक्षरांवरून. मराठी त्यांना कळते, वाचता येत नाही. भीमगीतांतील शब्दांवर आमचा कंठ दाटून येतो तेव्हा मुले फक्त ताल धरतात. याबद्दल आम्ही वडीलधारे फार हळहळतो. मला ही हळहळ थोडी एकांगी वाटते. बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. आमच्या पिढीतील अनेकांनी ते भाषणांतून ऐकले आणि अनुवादांतून तुकड्यातुकड्याने वाचले, तर ही मुले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मूळ भाषेत सलग वाचतात आणि मग अडचणीचे प्रश्न विचारतात. बावीस प्रतिज्ञांचे वाचन चालू असताना एका तेरा वर्षांच्या मुलाने विचारले, "ज्या देवांना मी कधी मानलेच नाही, त्यांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा मी का करू?" सभागृहात शांतता पसरली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे काय सोडून येत होती, ते आम्ही त्याला समजावले. त्याने ऐकून घेतले, पण त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. सोडण्याची वेदना ज्याच्या वाट्याला आलीच नाही, त्याला ती शिकवायची कशी, याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेच्या बहुसांस्कृतिक मेळाव्यात बाबासाहेबांवर मांडणी करायचे ठरवले. तयारी पक्की होती. महाडचा १९२७ चा सत्याग्रह. त्याच्या शेजारी डरहॅममधील रॉयल आइस्क्रीम पार्लर, जिथे २३ जून १९५७ रोजी सात कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांसाठी राखीव भागात बसले आणि अटक झाले. त्यानंतर रॅलेचे शॉ विद्यापीठ, जिथे एप्रिल १९६० मध्ये एला बेकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली. आणि मधोमध बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्राची प्रत. ही दोन्ही ठिकाणे आमच्या घरांपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आसपास आहेत. दहा वर्षे इथे राहून मी त्यांतील एकही पाहिले नव्हते.

मित्र मात्र हादरला. त्याच्या वरिष्ठाचा मुलगा त्याच शाळेत होता. विषय वंदनेनंतर सर्वांसमोर निघाला. कोणी म्हणाले, सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला, आता भ्यायचे कशाला? दुसऱ्याने आठवण दिली की त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसेच विधेयक नाकारले, आणि आपण तर दोन्ही राज्यांत राहत नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, भीती तुमची आहे, नाव माझे आहे."

नागपूरहून आलेली तिची आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. दीक्षेच्या वेळी ती सात वर्षांची होती, आईच्या कडेला धरून चालत गेली होती. ती नातीची बाजू घेईल असे आम्हा सर्वांना वाटले. ती म्हणाली, "नोकरी गेली तं तुले कॉलेजात कोन शिकवन? बापाचं म्हननं खोटं नाही, पोरी." मग मुलाकडे वळली. "पन मले एक सांग, घरातल्या घरात बाबासायबाले आलमारीत काहून ठेवतं?"

मित्राने उत्तर दिले नाही. पुढच्या वंदनेला गेलो तेव्हा तसबीर दिवाणखान्यात, दारासमोरच्या भिंतीवर होती. खिळा थोडा तिरपा बसला होता.

मांडणी झाली. मित्र उशिरा आला आणि मागे उभा राहिला. त्याचे वरिष्ठ सहकुटुंब आले, फलकासमोर काही वेळ थांबले, मुलीला शाबासकी देऊन पुढे गेले. त्यानंतर शुक्रवारच्या जेवणाला मित्राला बोलावणे येईनासे झाले. ते वर्षअखेरीच्या कामामुळे की त्या फलकामुळे, हे त्याला अद्याप ठरवता आलेले नाही. जातीचा हा गुण आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे: पुरावा मिळत नाही आणि शंका जात नाही. मुलगी आता विद्यापीठात आहे. तिला हे जेवणाचे प्रकरण ठाऊक नाही, आणि तिला सांगू नये असे तिच्या वडिलांनी मला बजावले होते. हा लेख छापण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. चार दिवसांनी त्याचा होकार आला.

यंदा सभागृहाच्या आरक्षणाचे काम मुलांनी मागून घेतले. पैसे भरल्याची पावती माझ्या ईमेलवर आली. कार्यक्रमाचे नाव: डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. खाली जबाबदार प्रौढ व्यक्ती म्हणून माझे संपूर्ण नाव आहे, आडनावासह.